डीडीटीचे भावंड आणि कुत्र्याचा आजार

कुत्रा म्हातारा झाला की पाणी जास्त पितो, अशी पुष्कळांची समजूत असते. आठ-दहा वर्षांचा, घरात वाढलेला कुत्रा दिवसातून चार-पाच वेळा पाण्याचे भांडे रिकामे करू लागतो. पूर्वी रात्रभर गुपचूप झोपणारा आता मध्यरात्री दार खरवडतो, आणि दार वेळेवर उघडले नाही तर घरातच कोपरा ओला करतो. भूक तर अशी की ताटली चाटूनपुसून झाल्यावरही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसतो. पोट खाली लोंबते, दोन्ही कुशींवरचे केस विरळ होतात, ऊन नसतानाही धाप लागते. घरातले म्हणतात, "वय झाले त्याचे. पण भूक चांगली आहे ना, मग तब्येत ठीकच म्हणायची." आमच्या नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा जास्त पाणी पिण्याचे तर कोणाला नवलही वाटत नाही.

या लक्षणांमागे मधुमेह असू शकतो, मूत्रपिंडाचा विकार असू शकतो, आणि कुशिंगचा आजारही असू शकतो. माणसात हा आजार विरळा. दहा लाख लोकांत वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन नवे रुग्ण सापडतात. कुत्र्यात मात्र तो हजारात एक-दोन इतका आढळतो. पूडल, डॅशहुंड, टेरियर, बॉक्सर या जातींत अधिक, पण संकरित कुत्र्यांतही होतो. या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध ज्या वाटेने सापडले ती वाट मोठी विचित्र आहे. ती मलेरियाच्या डासांपासून निघते आणि एका विषारी तलावाच्या काठाने जाते. तो इतिहास कळला की आज हा आजार झालेल्या कुत्र्यावर औषधापेक्षा तपासण्यांचीच गडबड जास्त का असते, याचाही उलगडा होतो.

आधी आजार समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकातील अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता आठवा. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. अधिवृक्काच्या बाहेरच्या भागाला बाह्यक म्हणतात. तिथे कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार होते. उपास, जखम, भीती, आजार अशा प्रसंगी शरीर तगवून धरण्याचे काम कॉर्टिसॉल करते. ते किती बनवायचे याचा हुकूम पीयूषिका देते. हुकमाचा निरोप नेणाऱ्या संप्रेरकाला एसीटीएच म्हणतात. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पीयूषिका एसीटीएच आवरते घेते. घरावरच्या पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू असतो ना, पाणी वर आले की नळ बंद करणारा? तसेच हे.

कुशिंगच्या आजारात हा चेंडू बिघडतो. शंभरातल्या ऐंशी-पंचाऐंशी आजारी कुत्र्यांत पीयूषिकेत एक लहानशी गाठ झालेली असते. ती गाठ कॉर्टिसॉलच्या पातळीला फारशी दाद न देता एसीटीएच सोडत राहते. उरलेल्यांत अधिवृक्कातच गाठ असते आणि ती कोणाच्या हुकमाची वाट न पाहता कॉर्टिसॉल ओतत राहते. नळ वाहतो आहे आणि टाकी भरून सांडते आहे, असा प्रकार. स्नायू झिजतात, कातडी कागदासारखी पातळ होते, यकृत फुगते, जखमा भरत नाहीत, जंतुसंसर्ग वारंवार होतो. भूक वाढते ती यामुळेच.

हार्वी कुशिंग हे अमेरिकेतले मेंदूचे शल्यविशारद. १९१२ साली पीयूषिकेच्या विकारांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी मिनी जी. या संक्षिप्त नावाने एका तेवीस वर्षांच्या तरुणीची हकिकत दिली. तिला लठ्ठपणा आला होता, अंगावर केस वाढले होते, पाळी बंद झाली होती. कारण नक्की करायला मात्र वीस वर्षे गेली. १९३२ साली त्यांनी अशा डझनभर रुग्णांची माहिती एकत्र मांडली आणि पीयूषिकेतल्या छोट्या गाठीवर बोट ठेवले. आजाराला नाव पडले ते त्यावरून.

कुत्र्यांचा संबंध इथे शेवटी येत नाही, सुरुवातीलाच येतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुशिंग यांनी उभी केलेली हंटेरियन प्रयोगशाळा होती. विद्यार्थ्यांनी शस्त्रक्रिया शिकावी ती कुत्र्यांवर, आणि तीही माणसाच्या शस्त्रक्रियेइतक्याच काटेकोरपणे, नोंदी ठेवून, असा त्यांचा आग्रह असे. गावातले लोक आपली आजारी जनावरेही तिथे आणत. याच प्रयोगशाळेत क्रो, कुशिंग आणि होमान्स यांनी कुत्र्यांची पीयूषिका काढून टाकण्याचे प्रयोग केले आणि ते १९१० साली प्रसिद्ध केले. पुढे फिलिप स्मिथ यांनी उंदरांत पीयूषिका काढली की अधिवृक्काचे बाह्यक सुकून जाते हे नि:संशय दाखवले. हुकूम कोण देतो आणि कोण ऐकतो, हे नाते तिथे पक्के झाले. कुत्र्यालाही स्वतःहून हा आजार होतो हे १९३९ साली बेल्जियममधल्या पशुवैद्यांनी नोंदवले. नोंद झाली, पण उपाय नव्हता. दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि आमची गोष्ट इथे रूळ बदलते.

१९३९ सालीच पाउल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला डीडीटी कीटकांना मारते असे आढळले. युद्धकाळात उवा आणि डास यांच्याविरुद्ध त्याचा सपाटून वापर झाला. युद्ध संपताच, १९४५-४६ च्या सुमारास, मुंबई प्रांताच्या आरोग्य खात्यातील डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवारकडच्या मलेरियाग्रस्त भागात घरोघर डीडीटी फवारण्याचे काम हाती घेतले. त्याचे यश १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रमाला आधार ठरले. साठीच्या पुढच्या शिक्षकांना खेड्यातल्या भिंतींवर रंगवलेली फवारणीची तारीख आठवत असेल. पंप घेऊन येणारी माणसे, पांढरे पडलेले वासे, आणि "भांडी बाहेर काढा हो" ही आरोळी.

म्यूलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९४८ साली. त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशी त्यांचा संबंध आहे असे तेव्हा कोणी म्हटले असते तर लोक हसले असते.

त्यातली पहिली अमेरिकेतल्या अन्न व औषध प्रशासनात घडली. डीडीटीचे एक भावंड आहे, डीडीडी. डीडीटीच्या रेणूत एका कार्बनला तीन क्लोरीन चिकटलेले असतात. त्यातल्या एकाच्या जागी हायड्रोजन आला की झाले डीडीडी. तेही कीटकनाशक म्हणून बाजारात येत होते. ते अन्नातून पोटात गेले तर काय होते हे पाहण्यासाठी नेल्सन आणि वुडर्ड या दोघांनी ते कुत्र्यांना खाऊ घातले. यकृताला इजा झाली, ती अपेक्षितच होती. पण अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यक जवळजवळ वितळून गेले होते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यातही सर्वांत बाहेरचा, शरीरातल्या मिठाचा समतोल राखणारा थर पुष्कळसा शाबूत होता आणि आतले, कॉर्टिसॉल तयार करणारे थर गेले होते. इतर प्रयोगप्राण्यांत असे दिसेना. कुत्र्याच्या अधिवृक्कातल्या पेशी हे द्रव्य स्वतःच बदलून त्याचे घातक रूप बनवतात आणि त्यानेच मरतात, हे कारण कितीतरी नंतर कळले. त्यांचा पहिला अहवाल १९४८ चा, सविस्तर निबंध १९४९ चा.

दुसरी गोष्ट मेयो क्लिनिकमधली. सप्टेंबर १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. काही दिवसांतच त्या चालू लागल्या. हेंच, केंडाल आणि राइशटाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले. पाठोपाठ प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी अधिक तीव्र भावंडे निघाली. म्हणजे एकाच वर्षी अधिवृक्काचा रस बाहेरून देण्याची युक्तीही हाती आली, आणि अधिवृक्क जाळून टाकण्याचीही. पहिलीचे जगभर कौतुक झाले. दुसरीकडे विषविज्ञानाच्या मंडळींपलीकडे फारसे कोणी पाहिले नाही.

डीडीडीचे खरे नाव झाले ते वेगळ्याच, वाईट कारणाने. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या तलावावर चिलटांसारखे बारीक किडे फार. चावत नसत, पण मासे धरायला येणाऱ्या हौशी लोकांना त्यांचा उपद्रव होई. डीडीटीपेक्षा डीडीडी माशांना कमी अपायकारक म्हणून १९४९ साली ते पाण्यात मिसळले. प्रमाण सात कोटी भाग पाण्यात एक भाग, इतके क्षुल्लक. किडे पुन्हा वाढले म्हणून १९५४ आणि १९५७ साली पाच कोटींत एक या प्रमाणात ते पुन्हा टाकले. मग तलावावरचे ग्रीब पक्षी मरू लागले. आमच्या नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरला जी टिबुकली बुड्या मारताना दिसते, तिच्याच कुळातला हा मोठा पक्षी. मेलेल्या पक्ष्यांच्या चरबीत डीडीडी निघाले दहा लाख भागांत सोळाशे भाग. वर्गात फळ्यावर हे गणित जरूर मांडावे. पाच कोटींत एक म्हणजे दहा लाखांत ०.०२. त्यावरून सोळाशे म्हणजे ऐंशी हजार पट. पाण्यातून प्लवकांत, प्लवकांतून लहान माशांत, त्यांतून मोठ्या माशांत, त्यांतून पक्ष्यांत, असे ते दर पायरीला साठत गेले होते. रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात क्लिअर लेकची हकिकत आहे, आणि त्याच ओघात डीडीडीने कुत्र्यांची अधिवृक्के नष्ट होतात याचाही उल्लेख आहे. अन्नसाखळीचा धडा शिकवताना क्लिअर लेकचे नाव पुष्कळदा येते. कुत्र्यांचा भाग मात्र गळून जातो.

तर हे द्रव्य औषध कसे झाले? बाजारी डीडीडी शुद्ध नव्हते. १९५८ साली क्युएटो आणि ब्राउन यांनी त्यातले वेगवेगळे घटक निराळे करून पाहिले, तेव्हा अधिवृक्कावर घाव घालणारा घटक मुख्य डीडीडी नव्हताच. त्यात भेसळीसारखा मिसळलेला, क्लोरीनची जागा थोडी सरकलेला एक समघटक हे काम करत होता. पुढे त्याला मायटोटेन हे नाव मिळाले. अधिवृक्काच्या कर्करोगाच्या रोग्यांना ते देऊन पाहण्यात आले आणि १९७० साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ज्या प्राण्यात हा गुण सर्वप्रथम दिसला, त्या प्राण्याच्या आजारासाठी त्याचा विचार व्हायला मात्र १९७३ साल उजाडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी कुशिंगच्या कुत्र्यांवर मायटोटेनच्या उपचाराचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. नेल्सन-वुडर्ड यांच्या पहिल्या अहवालानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी! ज्यांनी कुत्र्यात विषबाधा पाहिली त्यांच्यासमोर आजारी कुत्रा नव्हता, आणि ज्यांच्यासमोर आजारी कुत्रा होता त्यांनी विषविज्ञानाची मासिके चाळली नसावीत, असा आमचा तर्क आहे.

मायटोटेन हे औषध म्हणजे आवरून वापरलेले विष आहे. ते पेशी मारते. किती माराव्यात याला हद्द आहे; ती ओलांडली तर कुत्रा एका आजारातून सुटून त्याच्या बरोबर उलट्या आजारात पडतो. लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली माणसात त्या आजाराचे वर्णन केले होते. अधिवृक्क निकामी झाले की गळाठा येतो, उलट्या होतात, रक्तातले पोटॅशियम चढते, नाडी बसते. कुत्रा एका दिवसातही दगावू शकतो.

म्हणून पहिल्या पंधरवड्यात पशुवैद्य घरच्या माणसावर एक विलक्षण काम सोपवतात. रोज गोळी द्यायची, आणि कुत्रा जेवताना त्याच्याकडे नीट पाहायचे. एरवी ताटलीवर तुटून पडणारा हा प्राणी एखाद्या दिवशी मधेच मान वर करून बघतो, पाणी प्यायला जातो, परत येऊन सावकाश खातो. त्या दिवशी गोळी थांबवायची आणि दवाखान्याला कळवायचे. अन्न नाकारले तर गोळी मुळीच द्यायची नाही. प्रयोगशाळेतले कोणतेही उपकरण हे काम इतक्या लवकर करत नाही. मात्र घरात तीन जण असतील आणि तिघेही आपापल्या वेळी बिस्किटे देत असतील, तर हे निरीक्षण फुकट जाते.

तरीही डोळ्यांवर सगळे सोडता येत नाही. रक्तातले कॉर्टिसॉल मोजावे लागते, आणि ती मोजणी हा एक स्वतंत्र इतिहास आहे. निरोगी कुत्र्याला एसीटीएच टोचल्यावर १०० मिलिलिटर रक्तद्रवात कॉर्टिसॉल सुमारे ६ ते १८ मायक्रोग्रॅम भरते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर हे प्रमाण कोटीत एकाच्या आसपास येते. क्लिअर लेकमध्ये टाकलेल्या डीडीडीच्या प्रमाणापासून ते फार दूर नाही. इतके थोडे द्रव्य, तेही त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या डझनभर रेणूंच्या गर्दीतून, ओळखून मोजायचे कसे?

उत्तर न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधले. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात हे त्यांना दिसले होते. त्यांनी तीच प्रतिद्रव्ये तराजू म्हणून वापरली. प्रतिद्रव्याच्या ठरावीक जागा, त्या पटकावायला एकीकडे किरणोत्सारी खूण केलेले इन्सुलिन आणि दुसरीकडे रुग्णाच्या रक्तातले साधे इन्सुलिन. रुग्णाचे जितके जास्त, तितक्या खूण केलेल्याला जागा कमी मिळतात. संगीतखुर्चीच्या खेळात बाहेर उभी राहिलेली मुले मोजून आत किती खुर्च्या कोणी बळकावल्या हे सांगण्यासारखेच. १९५९-६० मध्ये ही पद्धत जाहीर झाली. त्यांनी तिचे पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ साली वारले. यॅलोंना १९७७ साली नोबेल मिळाले. कॉर्टिसॉलसारख्या लहान रेणूंनाही ही युक्ती लागू झाली आणि चमचाभर रक्तात संप्रेरक मोजता येऊ लागले.

महाराष्ट्रात या शास्त्राचे घर परळ आणि ट्रॉम्बे येथे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र १९६३ साली परळला सुरू झाले. १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचेच. संप्रेरके मोजण्याचे संच ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी तयार केले आणि १९८९ पासून 'ब्रिट' ही संस्था असे संच पुरवू लागली. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सारी खुणेऐवजी प्रकाश देणारी खूण वापरतात. खुर्च्यांचा खेळ मात्र तोच. नाशिकच्या दवाखान्यात काढलेला रक्तद्रव बर्फाच्या डब्यात घालून बाहेरच्या प्रयोगशाळेत जातो आणि एक-दोन दिवसांत आकडा येतो.

पण नुसता एक आकडा घेऊन भागत नाही. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होत असते, आणि दवाखान्याच्या वासानेच घाबरलेल्या कुत्र्यात ते आणखी चढते. म्हणून ग्रंथीला डिवचून पाहतात. एक नमुना आधी घेतात, मग एसीटीएच टोचून तासाभराने दुसरा. एसीटीएचच्या साखळीत ३९ अमिनो आम्ले असतात, पण काम करायला पहिली २४ पुरतात हे कळल्यावर तेवढाच तुकडा कृत्रिमरीत्या बनवून वापरात आला. निदानासाठी याच्या उलट चाचणीही आहे. ती माणसासाठी ग्रँट लिडल यांनी १९६० साली बसवली. डेक्सामेथासोनची अगदी थोडी मात्रा दिली की निरोगी पीयूषिका "पुरे झाले" समजून एसीटीएच आवरते आणि आठ तासांनीही कॉर्टिसॉल खालीच असते. कुशिंगच्या कुत्र्यात ते तसे खाली राहत नाही. टाकीतला चेंडू हाताने वर उचलून नळ बंद होतो का हे पाहण्यातला हा प्रकार.

मायटोटेनला पर्याय आला तो ट्रायलोस्टेन या औषधाचा. ते मूळचे माणसासाठी केलेले. माणसात फारसे रुजले नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या सुमारास कुत्र्यांसाठी त्याला परवानगी मिळाली, अमेरिकेत २००८ साली. हे पेशी मारत नाही. कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल बनण्याच्या वाटेवर एक विकर लागते, त्याला ते तात्पुरते अडवते. हे समजावायला नाशिकच्या मास्तरांना परदेशी उदाहरण शोधायला नको. निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही द्राक्ष बागायतदाराच्या घरातल्या मुलाला विचारा. मणी फुगावेत म्हणून घड 'जीए'च्या द्रावणात बुडवतात. हे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचे वाढीचे संप्रेरक. आणि वेलीची वाढ आवरावी, काडी जोमदार व्हावी म्हणून 'लिहोसिन' फवारतात. ते क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीत जिबरेलिन तयार होण्याची वाट ते अडवते. म्हणजे एक संप्रेरक देणारे आणि एक संप्रेरक रोखणारे. कॉर्टिसोन आणि ट्रायलोस्टेन यांची जोडी तशीच. २०१० साली याच क्लोरमेक्वाटचा अंश सापडल्यावरून युरोपात आपल्या द्राक्षांची अडवणूक झाली होती. मात्रेचे आणि मोजणीचे महत्त्व तेव्हा बागायतदारांना महागात कळले.

ट्रायलोस्टेनचा अंमल काही तासच टिकतो. गोळी अन्नाबरोबर द्यावी लागते, तरच ती नीट शोषली जाते. त्यामुळे चाचणीच्या दिवशी कुत्र्याला उपाशी आणून चालत नाही, आणि गोळी दिल्यापासून किती तासांनी रक्त काढले हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ राहत नाही. साधारणपणे गोळीनंतर चार ते सहा तासांनी एसीटीएच टोचतात आणि दुसऱ्या नमुन्यात कॉर्टिसॉल सुमारे दीड ते नऊ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावे अशी अपेक्षा धरतात. तपासण्या दहा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि मग दर तिमाहीस. सोबत सोडियम-पोटॅशियमही. पेशी न मारणाऱ्या औषधानेही क्वचित अधिवृक्क कायमचे निकामी होते, म्हणून एकदा बरे वाटले की तपासणी सोडून देणे धोक्याचे. गर्भवती स्त्रीने या गोळ्या हाताळू नयेत, हेही घरात सर्वांना माहीत हवे.

या सगळ्यात घरी करण्याजोगी आणि बिनखर्चाची मोजणी म्हणजे पाण्याची. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पिणारा कुत्रा तपासण्याजोगा समजावा. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला एक लिटर. सकाळी मापाने दोन लिटर पाणी ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजावे. नाशिकच्या उन्हाळ्यात बरेच पाणी नुसते उडून जाते, म्हणून तसेच दुसरे भांडे कुत्र्याला पोचणार नाही असे शेजारी ठेवून त्यातली घट वजा करावी. विद्यार्थ्यांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे समजायला इतके साधे उदाहरण दुसरे नाही. घरात दोन कुत्रे असतील तर भांडी वेगळी. औषध सुरू करण्याआधी आठवडाभराचे आकडे हातात असले पाहिजेत, नाहीतर नंतर कमी झाले की नाही हे कशाच्या तुलनेत सांगणार? रात्री किती वेळा उठला, जिना चढला का, धाप लागली का, हे वहीत एकेका शब्दात लिहावे. औषध लागू पडले तर तहान आणि भूक दोन-चार आठवड्यांत उतरते. केस यायला मात्र काही महिने लागतात, आणि कधीकधी ते वेगळ्याच रंगाचे येतात.

एक गोष्ट राहिली, आणि आपल्याकडे तीच बहुधा सर्वांत महत्त्वाची आहे. १९४८ च्या त्या दुसऱ्या शोधाने एक नवाच कुशिंग जन्माला घातला. खाज, कानाचे दुखणे, लंगडणे अशा सतरा तक्रारींवर स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळी जादूसारखी लागू पडते. स्वस्त असते. लोक चिठ्ठीशिवाय पुन:पुन्हा आणतात. काही महिन्यांनी कुत्र्याचे पोट सुटते, केस जातात, तहान वाढते. चित्र हुबेहूब कुशिंगचे, पण आतली गोष्ट उलटी. बाहेरून भरपूर मिळते म्हणून पीयूषिका गप्प बसलेली आणि अधिवृक्के सुकलेली. एसीटीएच टोचले तरी कॉर्टिसॉल वर येत नाही. अशा कुत्र्याला कुशिंगचे औषध देणे म्हणजे आधीच सुकलेल्या ग्रंथीवर घाव घालणे. आणि घाबरून स्टिरॉइड एकदम बंद करणे तितकेच घातक, कारण त्याच्याकडे स्वतःचे कॉर्टिसॉल उरलेलेच नसते. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत न्यावी लागते. म्हणून पशुवैद्याकडे जाताना मागच्या वर्षभरातल्या सगळ्या चिठ्ठ्या, मलमांच्या नळ्या आणि कानात घालायच्या थेंबांच्या बाटल्यासुद्धा बरोबर न्याव्यात. पुष्कळ मलमांत आणि थेंबांत स्टिरॉइड असते.

उपचाराने कुत्रा किती जगतो? २००५ साली ब्रिटनमधल्या १४८ कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध झाली. सर्वांना पीयूषिकेमुळे झालेला कुशिंग होता. मायटोटेन घेणाऱ्यांचा मध्यक ७०८ दिवस आला, ट्रायलोस्टेन घेणाऱ्यांचा ६६२. दोन्हींत सांख्यिकीच्या दृष्टीने फरक नव्हता. म्हणजे जाळणारे औषध काय आणि अडवणारे औषध काय, मोजून-मापून दिले तर दोन वर्षांच्या आसपास. निदान होते तेव्हाच हे कुत्रे बहुतेक दहा-अकरा वर्षांचे असतात, त्यामुळे त्यांतले अनेक शेवटी हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा आणखी कशाच्या आजाराने जातात. लक्षणे सौम्य असतील आणि कुत्रा फार म्हातारा असेल, तर काही पशुवैद्य औषध न देता नुसती पाण्याची वही चालू ठेवायला सांगतात. आकडा चढू लागला की मग ठरवतात.